प्लोक्श्तिनेची विहीर: लिथुआनियातील शीतयुद्ध संग्रहालयाच्या भेटीचे परीक्षण

लिथुआनियाच्या वायव्य भागात, तळ्याकाठी वसलेल्या प्लातेल्याय या छोट्या गावापासून काही किलोमीटरवर, झेमायतिया राष्ट्रीय उद्यानाच्या रानात, प्लोक्श्तिने येथे, जमिनीतून जेमतेम वर आलेले चार बुटके घुमट आहेत. लांबून ते एखाद्या मोठ्या टाकीच्या झाकणासारखे दिसतात आणि खाली काय दडले आहे याची काहीच कल्पना देत नाहीत. प्रत्येक घुमटाखाली सुमारे ३० मीटर खोल विहीर आहे, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७८ पर्यंत या विहिरींमध्ये सोव्हिएत संघाची आर-१२ जातीची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवली जात. हा लष्करी तळ बंद झाला, क्षेपणास्त्रे गेली, पुढे झेंडाही बदलला आणि ही वास्तू बरीच वर्षे रानात बेवारस पडून राहिली. २०१२ पासून तिथे शीतयुद्ध संग्रहालय चालते. मी आणि माझे मामा असे दोघे तिथे जाऊन आलो. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत, त्यामुळे या परीक्षणातील काँक्रीटविषयीची मते त्यांची आणि बाकीची माझी, असे समजावे.

निकाल आधीच सांगून टाकते. ओसाड लष्करी वास्तू आतून पाहण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांनी वाट वाकडी करून इथे जावे. मात्र वेळेची वाटणी नीट करावी. प्रदर्शनाची दालने आवश्यक आहेत, पण ती वाट आहेत, मुक्काम नव्हे. मुक्काम विहिरीपाशी आहे, आणि तिथे पोचेपर्यंत डोळे आणि पाय थकलेले असतील तर तिकिटाचे अर्धे मोल वाया गेले असे मी म्हणेन.

तिकीट काढून ओसाड वास्तू पाहणे म्हणजे चव नसलेला प्रकार, असे या छंदातील अनेकांना वाटते, आणि काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत होते. त्यामुळे तुलनेसाठी सांगते, की या भेटीच्या दोन दिवस आधी आम्ही शेजारच्या लाटव्हियात, लिएपाया शहराच्या करोस्ता भागातील उत्तरेकडचे किल्ले पाहिले होते. रशियन साम्राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली ही तटबंदी काही वर्षांतच निरुपयोगी ठरवून सोडून दिली गेली, आणि आज तिचे अवाढव्य ठोकळे किनाऱ्यावरून घसरून बाल्टिक समुद्रात कलंडलेले आहेत. तिथे उघड्या आभाळाखाली हिंडता येते आणि धोका समोर दिसतो. पाऊल कुठे टाकू नये हे लाटच सांगते. जमिनीखालच्या वास्तूचे तसे नसते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या खोलीत लोखंड गंजत असते आणि गंजण्याच्या क्रियेत हवेतला प्राणवायू खर्च होत असतो, त्यामुळे दिसायला निरुपद्रवी असलेल्या कोठडीत पाऊल टाकताच माणूस कोसळू शकतो. हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतात. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे कळत नाही, आणि कुजलेली फळी अंधारात फरशीसारखीच दिसते. जिथे रॉकेटच्या इंधनाची ने-आण होत असे, तिथे तर या यादीत आणखी भर पडते. थोडक्यात, प्लोक्श्तिनेच्या तिकिटात आपण खेळती हवा, दिवा आणि कठडा या तीन गोष्टी विकत घेतो, आणि मला तो सौदा फायद्याचा वाटला.

पोचण्याबद्दल थोडक्यात. विल्नियसहून क्लायपेदाकडे जाणारी रेल्वे श्याउल्याय आणि तेल्श्यायमार्गे प्लुंगेला थांबते, आणि तळाला सर्वांत जवळचे मोठे गाव तेच. तिथून पुढे स्वतःचे वाहन असलेले बरे. आम्ही एका कंपनीकडून भाड्याने गाडी घेतली होती. तिच्यातल्या जुन्या नकाशाने आम्हाला रानातल्या एका कच्च्या रस्त्याने नेऊन कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभे केले. ‘‘गुप्त तळ होता ना, नकाशाने अजून गुपित पाळलेय,’’ असे म्हणून मामांनी गाडी मागे घेतली. निघण्यापूर्वी फोनवर नवा नकाशा उतरवून घ्यावा आणि संग्रहालयाच्या वेळा ऋतूनुसार तपासून घ्याव्यात, एवढेच मी सुचवीन.

प्रवेशद्वारातून आपण पायऱ्या उतरून काँक्रीटच्या पोटात शिरतो. भूमिगत भागाची मांडणी समजायला सोपी आहे: मध्यभागी नियंत्रण, दळणवळण, वीजनिर्मिती आणि माणसांच्या राहण्याच्या खोल्या, आणि त्यांच्याभोवती चार कोपऱ्यांत चार विहिरी, भुयारांनी मध्यभागाशी जोडलेल्या. या जुन्या खोल्यांचीच आता प्रदर्शनाची दालने झाली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची दोन गटांत झालेली विभागणी, शस्त्रस्पर्धा, दोन्ही बाजूंचा प्रचार, नागरी संरक्षणाची तयारी, असा क्रम आहे. भित्तिपत्रके, अर्धपुतळे, गणवेश आणि वायुरोधक मुखवटे भरपूर आहेत. ज्याला या कालखंडाची फारशी ओळख नाही त्याच्यासाठी ही दालने उपयोगी आहेत, आणि शाळकरी मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी ती हवीतच. ज्याने थोडेफार वाचले आहे त्याने मात्र इथे रेंगाळू नये. गणवेश घातलेल्या पुतळ्यांची मला व्यक्तिशः गरज वाटली नाही. ज्या खोलीत खरोखर माणसे चोवीस तास पहारा देत बसली होती, तिथली रिकामी खुर्ची माझ्या मते पुरेशी बोलकी ठरली असती. पण ही आवडीनिवडीची बाब आहे, आणि आमच्यापुढे चाललेल्या कुटुंबातील मुलगा त्याच पुतळ्यांपाशी सर्वांत जास्त वेळ थांबला होता, हेही नमूद केले पाहिजे.

दालनांमध्ये एक गोष्ट मात्र लक्ष देऊन पाहावी, ती म्हणजे क्षेपणास्त्राविषयीची माहिती, कारण ती डोक्यात असल्याशिवाय पुढची विहीर नुसती खोल खड्डा वाटते. आर-१२ हे मिखाईल यांगेल यांच्या संस्थेने आजच्या युक्रेनमधील द्निप्रो शहरात घडवलेले क्षेपणास्त्र. लांबी २२ मीटरच्या आसपास, पल्ला सुमारे २,००० किलोमीटर, आणि टोकावर एक मेगाटन किंवा त्याहून मोठे अण्वस्त्र, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या साठ पटींहून अधिक. नकाशावर प्लुंगेवर कंपासचे टोक ठेवून हा पल्ला आखला तर ओस्लो, बर्लिन, लंडन, पॅरिस आणि रोम ही सर्व शहरे वर्तुळात येतात. याच जातीची क्षेपणास्त्रे १९६२ मध्ये क्यूबात नेली गेली आणि जग युद्धाच्या उंबरठ्यावर आले. त्याच वर्षी या रानात हजारो सैनिकांनी १९६० मध्ये सुरू केलेले खोदकाम आणि बांधकाम पूर्णत्वाला जात होते. सगळ्या जगाची नजर एका बेटावर खिळलेली असताना इथे सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या जात असतील, हा विचार भुयारातून चालताना माझ्या मनातून गेला नाही.

या क्षेपणास्त्राचे इंधन केरोसीनच्या जातीचे होते आणि ते जाळण्यासाठी लागणारा प्राणवायू नायट्रिक आम्लावर आधारलेल्या द्रवातून मिळत असे. हा द्रव धातूलाही पोखरतो, त्यामुळे टाक्या भरून क्षेपणास्त्र अनिश्चित काळ तयार ठेवता येत नसे. सज्जतेच्या पायऱ्या ठरलेल्या असत आणि हुकूम आल्यावर टप्प्याटप्प्याने काम होई. रबरी पोशाख आणि मुखवटा घालून हे आम्ल हाताळणाऱ्या सैनिकांचे वय विशीच्या आसपास असणार, कारण सोव्हिएत सैन्यात सक्तीची भरती याच वयात होत असे. काचेच्या कपाटातले मुखवटे दुरून गमतीदार वाटतात. ते कशासाठी होते हे कळल्यावर तसे वाटत नाहीत.

दालने संपतात आणि भुयार अरुंद होते. इथून पुढचा भाग या भेटीचा प्राण आहे. रंगरंगोटी मागे पडते, दिवे विरळ होतात आणि भिंतीचे मूळ काँक्रीट उघडे दिसू लागते. मामा इथे पहिल्यांदा थांबले. भिंतीवर साच्याच्या फळ्यांचे ठसे उमटलेले होते, लाकडाचे दोरे आणि गाठी यांसकट. त्यांनी त्यावर तळहात फिरवला आणि फळी घाईत वापरलेली होती, रंधा मारलेली नव्हती, असे सांगितले. काही ठिकाणी काँक्रीट नीट दाबले न गेल्याने मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे राहून गेलेली होती आणि त्यांतून गंजाचे तपकिरी ओघळ खाली आलेले होते. ‘‘आतली सळई ओल धरतेय,’’ मामा म्हणाले, ‘‘पण साठ वर्षे झाली, भिंत जागची हललेली नाही. घाई होती, तरी जाडीत कुचराई केलेली नाही.’’ मी एकटी गेले असते तर त्या ओघळांना नुसते डाग समजून पुढे गेले असते.

भिंतींच्या वरच्या बाजूला केबल वाहून नेणारे लोखंडी आधार ओळीने दिसतात, आणि त्यांवरची केबल बहुतेक ठिकाणी नाही. तळ बंद झाल्यानंतर आणि विशेषतः लिथुआनिया स्वतंत्र झाल्यानंतरच्या १९९० च्या दशकात इथले धातू भंगाराच्या भावाने गेले. लिथुआनियाने ११ मार्च १९९० रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि रशियन सैन्य ३१ ऑगस्ट १९९३ रोजी देशाबाहेर पडले. मधल्या आणि नंतरच्या हलाखीच्या काळात रानातल्या बिनराखणीच्या लोखंडाकडे कोणी इतिहास म्हणून पाहावे ही अपेक्षाच चुकीची होती. संग्रहालयाच्या दृष्टीने ही हानी आहे, यात शंका नाही. तरीही मला त्या रिकाम्या आधारांनी, कापलेल्या नळ्यांच्या तोंडांनी आणि बोल्ट उपसून काढल्याच्या खुणांनी जितके धरून ठेवले तितके कोणत्याही फलकाने धरून ठेवले नाही. तळ उभारणाऱ्यांचा हात भिंतीच्या ठशांत दिसतो आणि तो मोडून नेणाऱ्यांचा हात या खुणांत दिसतो. संग्रहालयाने हा भाग पुन्हा नवाकोरा करण्याच्या फंदात न पडता तसाच ठेवला, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

विहिरीकडे जाणारी वाट ठेंगणी आहे. कंबरेत वाकून, डोके सांभाळून आत जावे लागते, आणि मग अचानक डोक्यावरचे छत नाहीसे होऊन आपण विहिरीच्या वरच्या अंगाला, कठड्यापाशी उभे असतो. वर घुमटाची आतली बाजू, खाली काळोखात उतरत गेलेली गोल पोकळी. हवा थंड, जड आणि किंचित धातूच्या वासाची. कोणी हळू बोलले तरी शब्द खाली जाऊन फिरून वर येतो, आणि वर येताना त्याचा अर्थ गळून नुसता नाद उरतो.

इथे किमान दहा मिनिटे थांबावे आणि काय पाहतो आहोत ते समजून घ्यावे. क्षेपणास्त्र थेट काँक्रीटच्या विहिरीत उभे नसे. विहिरीच्या आत एक पोलादी नळकांडे आणि त्या नळकांड्यात क्षेपणास्त्र, अशी रचना होती. इंजिन विहिरीतच पेटत असे, आणि तळाशी सुटलेला जाळ व वायू नळकांडे आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीतून वर निसटावेत अशी योजना होती. म्हणजे क्षेपणास्त्र स्वतःच्याच आगीच्या कड्यातून बाहेर पडणार. त्याआधी कित्येक टन वजनाचा घुमट बाजूला सरकायला हवा. तो सरकला नाही तर काय, हा प्रश्न मी मामांना विचारला आणि त्यांनी नुसते वर पाहिले. इथून एकही क्षेपणास्त्र युद्धात सुटले नाही, म्हणून आपण कठड्याला टेकून असे प्रश्न विचारू शकतो.

मामांचा दुसरा आक्षेप रचनेवर होता आणि तो मला पटला. चार विहिरी इतक्या जवळ असतील तर एका अचूक माऱ्यात चारही निकामी होऊ शकतात. सोव्हिएत अभियंत्यांच्याही हे ध्यानात आले, आणि पुढच्या पिढीतील विहिरी एकमेकींपासून दूर, सुट्या सुट्या बांधल्या गेल्या. उपग्रहांच्या छायाचित्रणाने तर जागेवर रोवलेल्या तळाचे गुपितच संपवले. १९७६ पासून चाकांवर फिरवता येणारी पायोनियर क्षेपणास्त्रे तैनात होऊ लागली, आणि दोन वर्षांनी प्लोक्श्तिनेच्या विहिरी रिकाम्या झाल्या. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी केलेल्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील करारात आर-१२ आणि पायोनियर ही दोन्ही मोडीत काढण्याच्या यादीत एकत्र आली. एवढा खटाटोप करून उभारलेली वास्तू जेमतेम दीड दशक कामाची ठरली. ती बेवारस मात्र त्याहून दुप्पट काळ होती.

दोन उणिवा जाणवल्या, पण त्या कुणाच्या चुका नसून माझ्या अपेक्षा आहेत. चारपैकी एकच विहीर आतून पाहता येते. सुरक्षिततेचा विचार करता ते योग्यच आहे, पण अजिबात न आवरलेली दुसरी विहीर निदान झडपेतून दिसली असती तर तुलना करता आली असती. दुसरे असे, की तंत्र आणि राजकारण यांच्या मानाने इथे राहिलेल्या साध्या माणसांविषयी मला आणखी ऐकायला आवडले असते: विजेचा प्रवाह सोडलेल्या तारेच्या कुंपणाआड वर्षे काढणारा सैनिक, आणि त्याच कुंपणाबाहेर लाकूड गोळा करणारा प्लातेल्यायचा गावकरी. दोघांना एकमेकांविषयी किती ठाऊक होते, हे मला अजूनही जाणून घ्यायचे आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बाहेर कितीही ऊन असले तरी आत गारठा असतो, म्हणून अंगात जाड कपडा आणि पायांत न घसरणारे बूट हवेत. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी दालनांपर्यंत जायला हरकत नाही. विहिरीच्या ठेंगण्या वाटेआधी थांबण्यात कमीपणा नाही, आमच्याबरोबर आत शिरलेल्या दोघींनी तेच केले. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनी पायऱ्या आणि वाकून चालणे यांचा हिशेब आधी करावा. लहान मुलांचा हात विहिरीपाशी सोडू नये. स्वतःचा छोटा दिवा जवळ असावा, वाट दिसण्यासाठी नव्हे, तर भिंतीवर तिरका प्रकाश टाकून पाहण्यासाठी. फळ्यांचे ठसे आणि गंजाचे ओघळ समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत, तिरक्या प्रकाशात उठून येतात. दीड तास पुरतो असे लोक म्हणतात. आम्हाला अडीच लागले, आणि त्यांतला जवळजवळ एक तास शेवटच्या पन्नास पावलांत गेला.

आणखी एक. गेल्यागेल्या घुमटांभोवती फेरी मारण्याचा मोह होतो, तो आवरावा आणि ती फेरी शेवटी मारावी. आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मामा पहिल्या घुमटापाशी उभे राहिले, दुसऱ्याकडे पाहिले, मग आपण आतून कोणत्या दिशेने वळलो होतो ते बोटाने हवेत गिरवले आणि तिसऱ्याकडे चालू लागले. आम्ही ज्याच्याखाली उभे होतो तो घुमट हाच, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो चौथा वाटत होता. गाडीत बसेपर्यंत यावर आमचे एकमत झाले नाही.